यशवंतराव चव्हाण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, राजकारणी, लेखक आणि महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री होते. केंद्रात त्यांनी संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही चारही महत्त्वाची खाती सांभाळली. १९७९-८० मध्ये ते उपपंतप्रधान होते. संरक्षणमंत्री म्हणून त्यांची कारकीर्द नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६६ अशी चार वर्षांची होती. चीनकडून झालेल्या पराभवानंतर सैन्यदलांची पुनर्बांधणी करणे हे या काळातील त्यांचे मुख्य कार्य होते. त्या कार्यातील सर्वांत खर्चिक आणि सर्वांत रेंगाळलेला भाग लढाऊ विमानांच्या खरेदीचा व उत्पादनाचा होता. नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखाना आणि विदर्भातील दारूगोळा कारखाने याच काळातील विस्ताराशी निगडित आहेत.

प्रारंभिक जीवन

यशवंतरावांचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, सध्या सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे या गावी एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. देवराष्ट्रे हे त्यांचे आजोळ. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगच्या साथीत वडिलांचा मृत्यू झाला आणि आई विठाबाई यांनी हलाखीत मुलांना वाढवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना ते राष्ट्रीय चळवळीकडे ओढले गेले. १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. तुरुंगातील वाचन आणि चर्चा यांतून त्यांची वैचारिक घडण झाली.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून त्यांनी १९३८ मध्ये बी. ए. पदवी मिळवली. पुढे पुण्यात कायद्याचे शिक्षण घेऊन १९४१ मध्ये ते वकील झाले. जून १९४२ मध्ये फलटणच्या वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला आणि दोनच महिन्यांत छोडो भारत आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील भूमिगत चळवळीत ते आघाडीवर होते. या काळात वेणूताईंनाही अटक सोसावी लागली.

मुख्यमंत्रिपद

१९४६ मध्ये चव्हाण मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय सचिव झाले. १९५२ नंतर ते मंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद स्वीकारले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनामुळे हा काळ त्यांच्यासाठी कसोटीचा ठरला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले व ते त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. जिल्हा परिषदांची स्थापना, सहकारी साखर कारखान्यांना प्रोत्साहन, औद्योगिक वसाहती, साहित्य संस्कृती मंडळ आणि नवी विद्यापीठे ही त्यांच्या अल्प कारकिर्दीची ठळक फलिते मानली जातात.

संरक्षणमंत्रिपदी नियुक्ती

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा भागात मोठे आक्रमण केले. भारतीय सैन्याची पिछेहाट झाल्यावर संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी या पदासाठी चव्हाणांना दिल्लीला बोलावले. चीनने युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याची भावना तेव्हा महाराष्ट्रात सर्वत्र व्यक्त झाली. पुढे १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले.

महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी त्यांच्या जागी चांदा जिल्ह्याचे नेते मारोतराव कन्नमवार आले. वृत्तपत्रे विकून उपजीविका करणाऱ्या गरीब घरातील हा कार्यकर्ता राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचला होता. आणीबाणीच्या त्या काळात राज्याचा कारभार त्यांनी सांभाळला. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

हवाई दलाची तत्कालीन स्थिती

१९६२ च्या युद्धात भारताने लढाऊ विमानांचा वापर केला नाही. वाहतूक विमाने व हेलिकॉप्टर यांनी मात्र दुर्गम ठाण्यांना रसद पोहोचवली. हवाई दलाकडे ब्रिटिश व्हॅम्पायर, हंटर, नॅट व कॅनबेरा आणि फ्रेंच तुफानी व मिस्टेअर अशा अनेक प्रकारांची विमाने होती. त्यांपैकी व्हॅम्पायर व तुफानी कालबाह्य झाली होती. प्रकार जितके जास्त, तितके सुटे भाग, प्रशिक्षण आणि दुरुस्तीची साधने वेगवेगळी ठेवावी लागत आणि खर्च वाढत असे.

दुसरीकडे, १९५४ च्या करारानंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून सेबर विमाने मिळाली होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यात ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या एफ-१०४ विमानांची भर पडली. भारताकडे त्या तोडीचे एकही विमान नव्हते.

मिग-२१ करार आणि विलंब

स्वनातीत विमान निवडताना भारताने ब्रिटिश, फ्रेंच, अमेरिकी आणि सोव्हिएत पर्यायांचा विचार केला होता. मेनन यांच्या काळात, ऑगस्ट १९६२ मध्ये, सोव्हिएत संघाशी मिग-२१ बाबत करार झाला. निवडीमागे दोन मोठी कारणे होती. विमानाची किंमत रुपयांत आणि निर्यात मालाच्या रूपाने फेडता येणार होती, त्यामुळे दुर्मीळ परकीय चलन वाचणार होते. शिवाय सोव्हिएत संघ भारतातच उत्पादन करण्याचा परवाना द्यायला तयार होता.

करारानंतर दोनच महिन्यांत चीनशी युद्ध पेटले. चीन तेव्हा सोव्हिएत संघाचा साम्यवादी सहकारी होता, त्यामुळे मॉस्कोने काही काळ सावध पवित्रा घेतला. पहिली सहा विमाने १९६३ च्या आरंभी जहाजाने मुंबईला आली. त्यांच्यासाठी चंदीगड येथे २८ क्रमांकाचे स्क्वाड्रन उभारण्यात आले व विंग कमांडर दिलबाग सिंग यांनी त्याचे नेतृत्व केले. पुढची सहा विमाने निराळ्या, सुधारित उपप्रकाराची होती, आणि भारतात बनवण्यासाठी अखेर एफएल हा तिसराच उपप्रकार ठरला. प्रकार बदलला की आराखडे, साचे, सुट्या भागांची यादी आणि प्रशिक्षण हे सारे पुन्हा जुळवावे लागते. विमानखरेदीतील विलंबाचे हे एक नेहमीचे कारण या प्रकरणात आरंभापासूनच दिसते.

कारखान्यांची उभारणी चव्हाणांच्या काळात सुरू झाली. त्यासाठी ऑगस्ट १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत विलीन होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार व्हावीत, असे ठरले. तीन राज्यांना उद्योग मिळाले, पण एकाच विमानाचे भाग शेकडो किलोमीटर अंतरावरच्या तीन नव्या कारखान्यांत बनू लागले. धावपट्टी, वसाहत, वीज, पाणी आणि कुशल कामगार यांची व्यवस्था तिन्ही ठिकाणी मुळापासून करावी लागली.

ओझर येथे प्रथम सोव्हिएत भागांची जुळणी करण्याचे काम झाले. त्यानंतर टप्प्याटप्प्याने भारतीय भागांचे प्रमाण वाढत गेले. कच्च्या मालापासून भारतात बनलेले पहिले मिग-२१ हवाई दलाकडे ऑक्टोबर १९७० मध्ये सुपूर्द झाले. मूळ करारापासून तोपर्यंत आठ वर्षे उलटली होती आणि चव्हाण अर्थमंत्री झाले होते.

वॉशिंग्टन आणि मॉस्को

मिग कारखाने उभे राहीपर्यंतची पोकळी भरून काढण्यासाठी चव्हाण मे १९६४ मध्ये अमेरिकेला गेले. पाकिस्तानला दिलेली एफ-१०४ विमाने भारतालाही मिळावीत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. असे महागडे विमान भारताच्या अर्थव्यवस्थेला परवडणारे नाही आणि त्यामुळे उपखंडात शस्त्रस्पर्धा वाढेल, अशी अमेरिकेची भूमिका होती. विमाने मिळाली नाहीत. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले आणि चव्हाण भारतात परतले.

लालबहादूर शास्त्री यांच्या मंत्रिमंडळातही संरक्षण खाते त्यांच्याकडेच राहिले. ऑगस्ट-सप्टेंबर १९६४ मध्ये ते मॉस्कोला गेले. तेथे मिग-२१ च्या आणखी पुरवठ्याचा आणि कारखान्यांसाठी तांत्रिक साहाय्याचा करार झाला. पश्चिमेकडून नकार आणि सोव्हिएत संघाकडून सुलभ हप्त्यांवर पुरवठा, या दोन अनुभवांमुळे भारताच्या हवाई दलाचे वळण पुढील अनेक दशकांसाठी ठरले.

संरक्षणाची पंचवार्षिक योजना

चव्हाणांपूर्वी संरक्षणखर्च बहुधा वर्षापुरता ठरत असे. विमान निवडणे, करार करणे, वैमानिक घडवणे आणि कारखाना चालू करणे यांना मात्र पाच ते दहा वर्षे लागतात. ही विसंगती दूर करण्यासाठी चव्हाणांनी १९६४ ते १९६९ या काळासाठी पहिली संरक्षण योजना तयार करवली. सव्वाआठ लाखांचे भूदल, ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल आणि नौदलाचे आधुनिकीकरण ही तिची उद्दिष्टे होती. अंदाजित खर्च ५,००० कोटी रुपये होता. देशाच्या तिसऱ्या पंचवार्षिक योजनेचा सार्वजनिक क्षेत्रातील नियोजित खर्च ७,५०० कोटी रुपये होता, हे लक्षात घेतल्यास या आकड्याचे आकारमान स्पष्ट होते. शाळा, धरणे आणि कारखाने यांच्यासाठीचा पैसा विमानांकडे वळवायचा का, हा प्रश्न त्या काळच्या प्रत्येक अर्थसंकल्पामागे होता.

मरुत आणि इंजिनाचा प्रश्न

परदेशी विमानांवर अवलंबून राहू नये म्हणून जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे एचएफ-२४ मरुत या लढाऊ विमानाची रचना १९५० च्या दशकात सुरू झाली होती. १७ जून १९६१ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. सांगाडा स्वनातीत वेगासाठी योग्य होता, परंतु त्याला साजेसे इंजिन नव्हते. ज्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाच्या सुधारित आवृत्तीवर भिस्त होती, तिचा विकास इतर ग्राहकांअभावी थांबला. विकासाचा खर्च भारताने उचलावा, अशी अपेक्षा पुढे आली, पण ती रक्कम मंजूर झाली नाही. परिणामी कमी शक्तीच्या इंजिनांवर विमान चालवावे लागले.

चव्हाणांच्या काळात पर्यायांचा शोध चालू राहिला. इजिप्तमध्ये विकसित होत असलेले इंजिन मरुतवर बसवण्याचे प्रयोगही झाले, परंतु ते फळाला आले नाहीत. मरुतचे पहिले स्क्वाड्रन १९६७ मध्ये सज्ज झाले. एकूण १४७ मरुत विमाने बनली. अपेक्षित वेग त्यांनी कधीच गाठला नाही. प्रारंभी वाचवलेल्या रकमेची किंमत पुढे संपूर्ण प्रकल्पाला मोजावी लागली, असे या उदाहरणाबद्दल अभ्यासकांचे मत आहे.

याच काळात कोल्हापूर जिल्ह्यातील मराठी अभियंते विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली किरण हे जेट प्रशिक्षण विमान बंगळूरला आकार घेत होते. डिसेंबर १९५९ मध्ये मान्यता मिळालेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले आणि हवाई दलाकडे ते १९६८ मध्ये पोहोचू लागले. एकाच संस्थेकडे मरुत, नॅट, किरण आणि नंतर मिग अशी कामे असल्याने अनुभवी अभियंत्यांची ओढाताण अटळ होती.

विदर्भातील कारखाने

विमान नुसते विकत घेऊन भागत नाही. त्याला आणि जमिनीवरील सैन्याला दारूगोळ्याचा अखंड पुरवठा लागतो. १९६२ च्या अनुभवानंतर आयुधनिर्माणी कारखान्यांची संख्या वाढवण्यात आली. १९६० च्या दशकात महाराष्ट्रात भंडारा, अंबाझरी, वरणगाव आणि चांदा जिल्ह्यातील भद्रावती येथे असे कारखाने उभे राहिले. सध्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे तेव्हा चांदा या एकाच जिल्ह्यात होते. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये अस्तित्वात आला. सीमेपासून दूर, दिल्ली-मद्रास लोहमार्गाजवळ, कोळसा आणि मोकळी जमीन असलेला हा वनप्रदेश अशा कारखान्याला सोयीचा होता.

भद्रावतीचा कारखाना चांदा आयुधनिर्माणी या नावाने ओळखला जातो. भात, तेंदूपाने, बांबू आणि कोळसा खाणी यांवर जगणाऱ्या परिसरात त्याने नोकरीचा नवा मार्ग खुला केला. कन्नमवारांचा जिल्हा अशा रीतीने चव्हाणांच्या संरक्षणविस्ताराशी जोडला गेला.

१९६५ चे युद्ध

योजनेचे दुसरे वर्षही पुरे होण्यापूर्वी पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब क्षेत्रात घुसले. लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी त्याच दुपारी चव्हाणांची भेट घेतली. हवाई दल वापरल्यास युद्धाची व्याप्ती वाढणार होती. चव्हाणांनी काही मिनिटांतच परवानगी दिली आणि तासाभरात पठाणकोटहून विमाने झेपावली.

त्या सायंकाळी गेलेल्या २६ विमानांपैकी १२ व्हॅम्पायर होती. सेबर विमानांपुढे त्यांचा निभाव लागला नाही व चार व्हॅम्पायर पाडली गेली. त्यानंतर हा प्रकार आघाडीवरून मागे घेण्यात आला. नवी विमाने वेळेवर न आल्याची झळ वैमानिकांना अशी प्रत्यक्ष बसली. ६ सप्टेंबरला पठाणकोट तळावर झालेल्या हल्ल्यात जमिनीवर उभी असलेली दोन मिग-२१ विमानेही नष्ट झाली. मिग विमाने इतकी थोडी होती, की युद्धावर त्यांचा फारसा प्रभाव पडला नाही. बंगळूरला परवान्यावर बनणाऱ्या छोट्या नॅट विमानांनी मात्र सेबरविरुद्ध लक्षणीय कामगिरी केली. १९५६ मध्ये परवाना मिळालेल्या उत्पादनाचे ते फळ होते.

युद्ध सुरू होताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे झालेल्या वाटाघाटींत शास्त्रींबरोबर चव्हाणही होते. युद्धकाळात त्यांनी लिहिलेली दैनंदिनी त्यांचे तत्कालीन खासगी सचिव राम प्रधान यांच्या पुस्तकातून २००७ मध्ये प्रकाशात आली.

रुपयाचे अवमूल्यन आणि वाढता खर्च

युद्ध आणि दुष्काळ यांनी अर्थव्यवस्था खिळखिळी झाली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. एका डॉलरसाठी ४ रुपये ७६ पैसे मोजावे लागत, तेथे ७ रुपये ५० पैसे लागू लागले. परकीय चलनात जी वस्तू पूर्वी १०० रुपयांना पडे, ती सुमारे १५७ रुपयांना पडू लागली. कारखान्यांसाठी लागणारी यंत्रे, मिश्रधातू आणि सुटे भाग यांचा मोठा हिस्सा आयात होत असल्याने १९६४ साली मांडलेले अंदाज दोन वर्षांतच अपुरे पडले. नोव्हेंबर १९६६ मध्ये चव्हाणांकडे गृहखाते आले आणि त्यांची संरक्षणमंत्रिपदाची कारकीर्द संपली.

नंतरची कारकीर्द

गृहमंत्री (१९६६–७०) म्हणून त्यांनी संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याच्या प्रश्नात महत्त्वाची भूमिका बजावली. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ या काळात ते अर्थमंत्री होते. १९७१ चे युद्ध याच काळात झाले. त्या युद्धात मिग-२१ विमानांनी ढाक्याजवळच्या तेजगाव धावपट्टीवर बॉम्बहल्ले केले आणि पश्चिम आघाडीवर एफ-१०४ विमानेही पाडली. १९६४ मध्ये भारताला नाकारलेल्या विमानावर, उशिरा का होईना, मिळवलेल्या विमानाने मात केली होती.

पुढे ते परराष्ट्रमंत्री (१९७४–७७), लोकसभेतील विरोधी पक्षनेते, उपपंतप्रधान व आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. १ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. कृष्णाकाठ हा त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला खंड १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील खंड लिहून होण्यापूर्वीच २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यामुळे संरक्षणमंत्रिपदाच्या चार वर्षांचा वृत्तान्त त्यांच्या आत्मचरित्रात येऊ शकला नाही. कराड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

मूल्यमापन

चव्हाणांनी संरक्षण खात्यात सेनाप्रमुख आणि राजकीय नेतृत्व यांच्यातील दुरावा कमी केला, दीर्घ मुदतीचे नियोजन रुजवले आणि सैन्याचा आत्मविश्वास परत मिळवून दिला, असे सामान्यतः मानले जाते. लढाऊ विमानांच्या बाबतीत त्यांचे यश मर्यादित होते. निर्णय लवकर झाले, तरी कारखाने, इंजिने आणि परकीय चलन यांची गती मंत्र्याच्या हाती नव्हती.

हा प्रश्न त्यांच्यानंतरही सुटला नाही. जुन्या मिग विमानांची जागा घेण्यासाठी १९८३ मध्ये, म्हणजे चव्हाणांच्या हयातीतच, मंजूर झालेल्या हलक्या लढाऊ विमानाचे (तेजस) पहिले उड्डाण जानेवारी २००१ मध्ये झाले आणि पहिले स्क्वाड्रन २०१६ मध्ये उभे राहिले. तोपर्यंत मिग-२१ ला सेवेत राहावे लागले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी, पहिले स्क्वाड्रन जेथे उभारले गेले त्या चंदीगड येथेच, मिग-२१ हवाई दलातून समारंभपूर्वक निवृत्त झाले.

नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९), मुंबईतील यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आणि कराड येथील वेणूताई चव्हाण स्मारक या संस्था त्यांची स्मृती जपतात. ओझरचा विमान कारखाना आणि भद्रावतीची आयुधनिर्माणी आजही कार्यरत आहेत.